विकत घेतलेली गाणी नव्या प्लेयरवर वाजत नाहीत: तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं.

पेनड्राइव्हवर गाणी भरपूर आहेत, पण गाडीतला स्टिरिओ त्यातली निम्मीशीच मोजतो. उरलेल्यांचं नावही दाखवत नाही, किंवा नाव दाखवतो आणि लगेच पुढच्या गाण्यावर जातो.

जुन्या लॅपटॉपवर बिनतक्रार वाजणारं गाणं नव्या लॅपटॉपवर उघडलं की ईमेल आणि पासवर्ड मागतं. तो ईमेल कोणाचा, हेच घरात कोणाला आठवत नाही.

विंडोज नव्याने टाकल्यापासून स्वतःच्याच सीडीवरून उतरवलेली गाणी वाजत नाहीत. 'मीडिया युसेज राइट्स' नाहीत असं काहीतरी पडद्यावर येतं.

ॲपमध्ये गाण्यापुढे 'डाउनलोडेड'ची खूण आहे, पण फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये ते गाणं शोधून सापडत नाही.

एमपीथ्रीमध्ये बदलायला गेलात तर 'प्रोटेक्टेड फाइल बदलता येत नाही' असा संदेश येतो.

माझ्याकडे ओळखीपाळखीतून येणाऱ्या तक्रारी फिरून फिरून याच असतात आणि माणसं एकच वाक्य बोलतात: "फाइल करप्ट झालीय वाटतं." फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते. बिघाड दोनच प्रकारचे असतात. एक म्हणजे प्लेयरला ती फाइल वाचता येत नाही. दुसरा म्हणजे फाइलला कुलूप आहे आणि त्याची किल्ली तुमच्या या यंत्राकडे नाही. पहिला बिघाड घरी, फुकट, दहा मिनिटांत सुटतो. दुसरा सुटेल की नाही, हे किल्ली कुठे ठेवली गेली होती त्यावर अवलंबून असतं. लोकांचा सगळा वेळ वाया जातो तो एकाचा उपाय दुसऱ्यावर करण्यात.

काहीही करण्याआधी एक गोष्ट पाळा. जुना संगणक फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. म्युझिक फोल्डर जसाच्या तसा एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. खालच्या काही उपायांत फाइल पुसून पुन्हा मिळवायची आहे. ती परत नाही आली तर हाताशी मूळ प्रत हवी.

१. पेनड्राइव्ह आणि प्लेयर

यात खर्च शून्य, म्हणून सुरुवात इथून. एक साधी, नक्की वाजणारी एमपीथ्री फाइल घ्या. तिला रोमन लिपीत छोटं नाव द्या आणि पेनड्राइव्हवर कुठल्याही फोल्डरच्या आत न टाकता थेट ठेवा. ती वाजली तर प्लेयर आणि पेनड्राइव्ह दोन्ही ठीक आहेत, संशय गाण्यांवर जातो. तीही वाजली नाही तर कुलूपबिलूप विसरा, घोळ पेनड्राइव्हचा नाहीतर प्लेयरचा आहे.

अशा वेळी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइल सिस्टीमपुढे 'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट' असेल तर गाडीतले बरेच स्टिरिओ आणि स्वस्तातले प्लेयर ते वाचतच नाहीत. त्यांना 'फॅट३२' लागतं. मोठ्या क्षमतेच्या पेनड्राइव्हला विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी वर्षानुवर्षं फॅट३२ चा पर्याय देत नसे, तिथे मर्यादा ३२ जीबीची होती. त्यामुळे गाण्यांसाठी मुळात ३२ जीबीचाच पेनड्राइव्ह वापरला की ही कटकट संपते.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे फाइलचं नाव देवनागरीत असणं. गाणं उत्तम असतं, पण स्टिरिओला देवनागरी अक्षरं ठाऊक नसतात. काही स्टिरिओ चौकोन दाखवून वाजवतात, काही ती फाइल सरळ गाळतात. अभंग, भावगीतं, नाट्यपदं अशी देवनागरी नावांची फोल्डरं हौसेने लावलेल्यांना हा त्रास हमखास होतो. मूळ संग्रह संगणकावर देवनागरीतच राहू द्या, गाडीपुरत्या प्रतीला रोमन नावं द्या.

२. फाइलचा प्रकार ओळखा

ही पायरी गाळून कोणी पुढे गेलं की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा.

शेवटी एमपीथ्री असेल तर कुलूप नाही. एमफोरए असेल तर बहुधा कुलूप नाही, फक्त तुमच्या प्लेयरला तो प्रकार कळत नसेल. एमफोरपी असेल तर कुलूप आहे, आणि ते ॲपलचं 'फेअरप्ले' आहे. डब्ल्यूएमए, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा फाइल प्रकार, असेल तर कुलूप असेलही, नसेलही. तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला 'डिटेल्स' टॅब उघडा आणि खाली 'प्रोटेक्टेड' या ओळीपुढे येस आहे की नो ते बघा.

ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्राममध्ये किंवा मॅकच्या म्युझिक ॲपमध्ये गाण्यावर राइट क्लिक करून 'गेट इन्फो'च्या 'फाइल' टॅबमध्ये जा. तिथे 'काइंड' या शब्दापुढे जे लिहिलंय ते नीट वाचा. 'प्रोटेक्टेड एएसी' म्हणजे कुलूपवालं विकत गाणं. 'पर्चेस्ड एएसी' म्हणजे विकत घेतलेलं पण मोकळं. 'ॲपल म्युझिक एएसी' म्हणजे ते तुमचं नाहीच, महिन्याचे पैसे भरताय तोवर ऐकायला दिलेलं. शेवट एमफोरपी असलेल्या दोन फाइली बाहेरून सारख्या दिसतात, पण एक तुम्ही विकत घेतलेली असते आणि दुसरी भाड्याची. त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, म्हणून ही एक ओळ वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही.

त्याच खिडकीत विकत घेणाऱ्याचं नाव आणि खात्याचा ईमेल दिसतो. तो कागदावर लिहून घ्या. पुढे लागणार आहे.

३. कुलूप नाही, पण प्लेयरला कळत नाही

एमफोरए फाइल असेल आणि प्लेयर फक्त एमपीथ्री वाजवत असेल, तर आयट्यून्सच्या सेटिंग्जमधल्या 'इम्पोर्ट सेटिंग्ज'मध्ये एमपीथ्री एन्कोडर निवडा, मग गाणं निवडून 'फाइल' मेन्यूतल्या 'कन्व्हर्ट'मधून एमपीथ्री प्रत तयार करा. मूळ फाइल तशीच राहते. २५६ केबीपीएसची (आकडा मोठा तितका आवाज चांगला, फाइल मोठी) फाइल मुद्दाम १२८ वर उतरवू नका, जागेची टंचाई आता राहिलेली नाही.

या पायरीचा एक जादा फायदा आहे. फाइलला कुलूप असेल तर आयट्यून्स इथेच नकार देतं. दुसऱ्या पायरीत काही शंका राहिली असेल तर ती इथे फिटते.

४. ॲपमधली 'डाउनलोडेड' गाणी

इथे मला लोकांची निराशा करावी लागते. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक, ॲपल म्युझिक यांत 'डाउनलोड' केलेलं गाणं त्या ॲपच्याच पोटात, कुलूप लावून राहतं. ते पेनड्राइव्हवर जात नाही, आणि न जाणं हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या: जास्तीत जास्त ५ उपकरणांवर, प्रत्येकी १०,००० गाण्यांपर्यंत डाउनलोड करता येतात, पण ३० दिवसांतून एकदा तरी उपकरण इंटरनेटवर आलं पाहिजे. नाहीतर डाउनलोड काढून घेतलं जातं. गावी रेंज नसलेल्या घरात महिनाभर राहून आलेल्यांची गाणी 'गायब' होतात ती याच कारणाने. फोन एकदा वायफायला जोडा आणि ॲप उघडून गाणी पुन्हा उतरू द्या.

गाडीत ऐकायचं असेल तर ब्लूटूथ किंवा ऑक्स केबल वापरा. पेनड्राइव्हवरच हवं असेल तर ते गाणं मोकळ्या स्वरूपात विकत घ्यावं लागेल, किंवा सीडी घेऊन उतरवावं लागेल. एअरटेलने २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद करायचं जाहीर केलं तेव्हा वर्षानुवर्षं जमवलेल्या डाउनलोडचं काय, असं मला किती जणांनी विचारलं. ॲपबरोबर तीही जातात, दुसरं उत्तर नाही.

५. तारीख आणि वेळ

कोणी इथे बघत नाही, आणि खर्च जवळजवळ नाही. कुलूपवाल्या डब्ल्यूएमए गाण्यांच्या काही परवान्यांना, म्हणजे किल्ल्यांना, मुदत असते, ती संगणकाच्या घड्याळावरून मोजली जाते. कपाटावर पडून असलेला जुना डेस्कटॉप सुरू केला की मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलेला असतो आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. घड्याळ मागे गेलेलं दिसलं की परवाना व्यवस्थेला कोणी मुद्दाम फसवतंय असं वाटतं आणि ती गाणं अडवते.

तारीख दुरुस्त करा, संगणक बंद करून पुन्हा चालू करा, तारीख टिकते का बघा. टिकत नसेल तर सेल बदला. डेस्कटॉपमध्ये हा सेल कोणालाही बदलता येतो, लॅपटॉप मात्र उघडायच्या भानगडीत पडू नका.

संगणक विंडोज एक्सपीचा असेल तर तो इंटरनेटला जोडू नका. एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये थांबल्या. जुना परवाना त्याच संगणकात साठवलेला असतो, तो वाचायला इंटरनेट लागत नाही.

६. एमफोरपी: अमेरिकेहून आलेली गाणी

या प्रकारावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय, आणि यश सगळ्यात जास्त इथेच मिळतं.

आयट्यून्स स्टोअर अमेरिकेत एप्रिल २००३ मध्ये सुरू झालं. ९९ सेंटला एक गाणं, १२८ केबीपीएस, फेअरप्ले कुलूप लावलेलं. भारतात ते डिसेंबर २०१२ मध्ये आलं, तोवर ॲपलने गाण्यांवरचं कुलूप काढूनही टाकलं होतं. म्हणून पुण्या-मुंबईत कोणाच्या घरी विकत घेतलेली एमफोरपी सापडली की ती बहुधा अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या नाहीतर ऑस्ट्रेलियातल्या खात्यावर, २००९ च्या आधी घेतलेली असते. मुलाने आई-बाबांसाठी आयपॉड भरून पाठवलेला असतो. किंवा माणूस दहा वर्षं न्यू जर्सीत राहून परत आलेला असतो आणि सोबत जुना लॅपटॉप असतो. आयपॉड चालू आहे तोवर गाणी सुखाने वाजतात. तो बंद पडला आणि दुसऱ्या कंपनीचा प्लेयर आणला की बोंब. ॲपलने फेअरप्ले दुसऱ्या प्लेयरवाल्यांना दिलंच नाही. अपवाद म्हणजे २००५ च्या रॉकरसारखे मोटोरोलाचे मोजके फोन, त्यांतही १०० गाण्यांची मर्यादा होती. तेव्हा सँडिस्क, क्रिएटिव्ह किंवा सोनीच्या प्लेयरवर एमफोरपी वाजवायची खटपट करू नका, ती वाजणार नाही.

पायऱ्या अशा.

पहिल्यांदा संगणकाला परवानगी द्या. आयट्यून्सच्या 'अकाउंट' मेन्यूतल्या 'ऑथरायझेशन्स'मध्ये 'ऑथराइझ धिस कंप्युटर' आहे. तिथे तुमचा आजचा ईमेल टाकू नका. मघाशी कागदावर लिहिलेला, गाणं ज्याने घेतलं त्याचा ईमेल टाका. निम्म्या केसेस इथेच सुटतात. बाबांच्या लॅपटॉपवर बाबांच्याच खात्याने परवानगी देऊन देऊन सगळे दमलेले असतात, आणि गाणी घेतलेली असतात पुतण्याच्या कॉलेजच्या वेळच्या ईमेलवर. एकाच संग्रहात दोन-तीन जणांच्या खात्यांची गाणी मिसळलेलीही मी बघितली आहेत. तेव्हा एकच गाणं बघून थांबू नका, न वाजणारी चार-पाच तरी उघडून बघा.

एका खात्यावर ५ संगणकांना परवानगी मिळते. जुने संगणक परवानगी न काढताच विकले, बिघडले, की ५ चा आकडा भरतो. मग खात्याच्या माहितीत जाऊन 'डीऑथराइझ ऑल' करायचं. हे १२ महिन्यांत एकदाच करता येतं, म्हणून कोणत्या संगणकांना पुन्हा परवानगी द्यायची ते आधी ठरवून घ्या.

आता गाणं या संगणकावर वाजायला लागलं. पण पेनड्राइव्हवर न्यायचं तर कुलूप अजून आहेच. बाहेरच्या डिस्कवर प्रत आहे याची खात्री करा, आयट्यून्समधून ते एक गाणं पुसा, आणि स्टोअरच्या 'पर्चेस्ड' यादीतून पुन्हा उतरवा. बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत ते आता २५६ केबीपीएसचं, मोकळं एमफोरए म्हणून येतं. एका गाण्यावर करून बघा, मग बाकीच्यांना हात लावा. यादीत गाणंच दिसत नसेल तर दोन कारणं असतात. एक, खात्याचा देश मधल्या काळात अमेरिकेवरून भारत केला गेलाय. दोन, त्या कंपनीने ते गाणं स्टोअरमधून काढून घेतलंय. पहिल्यावर इलाज होऊ शकतो, दुसऱ्यावर या वाटेने नाही.

राहिलेल्या गाण्यांसाठी आयट्यून्स मॅच ही वर्षाची वर्गणी आहे. ती ॲपल म्युझिकहून वेगळी. तुमच्याकडची एमफोरपी स्टोअरमधल्या गाण्याशी जुळली तर मोकळी २५६ ची प्रत मिळते आणि वर्गणी बंद केल्यावरही ती तुमचीच राहते. गाणी शेकड्यांनी असतील तर हे पैसे मी खुशाल घालायला सांगते. दहा-पंधराच असतील तर नको, ती नव्याने विकत घेतलेली बरी.

शेवटची घरगुती वाट सीडीची. विकत घेतलेल्या एमफोरपी गाण्यांची ऑडिओ सीडी बनवायची मुभा आयट्यून्सनेच दिलेली आहे, एका प्लेलिस्टच्या ७ सीडींपर्यंत. यूएसबीचा डीव्हीडी रायटर कोणाकडून तरी मागून आणा. बर्न करताना 'ऑडिओ सीडी' निवडा, 'एमपीथ्री सीडी' निवडलीत तर कुलूपवाली गाणी नाकारली जातात. 'इन्क्लूड सीडी टेक्स्ट'वर खूण करा. एका सीडीवर ८० मिनिटं मावतात. मग तीच सीडी परत संगणकात उतरवा. आवाजाचा दर्जा थोडा उतरतो, कारण १२८ चं गाणं दुसऱ्यांदा दाबलं जातं. गाडीत कळत नाही, चांगल्या हेडफोनवर सतारीची मींड किंवा तंबोऱ्याचा झंकार ऐकताना कळतो. म्हणून ही वाट शेवटी. पुन्हा पुन्हा वापरता येणारी सीडी-आरडब्ल्यू घेतलीत तर एकावर सगळं काम होतं.

७. कुलूपवाली डब्ल्यूएमए

मला खरी चीड येते ती या प्रकाराची, कारण इथे बहुतेक वेळा गाणं कोणी दुकानातून उतरवलेलंच नसतं. माणसाने रीतसर सीडी विकत घेतली, घरच्या संगणकावर विंडोज मीडिया प्लेयरमधून उतरवली, आणि 'रिप म्युझिक'च्या पर्यायांत 'कॉपी प्रोटेक्ट म्युझिक' या चौकोनात खूण होती. तेवढ्यावर त्याच्या स्वतःच्या भीमसेनजींच्या सीडीच्या फाइलींना त्याच्याच संगणकाचं कुलूप बसलं. किल्ली त्या विंडोजमध्ये, त्या यंत्राच्या ओळखीशी बांधलेली. विंडोज नव्याने टाकलं, किल्ली गेली. फाइल हार्ड डिस्कवर जशीच्या तशी, वाजत मात्र नाही. मीडिया प्लेयरच्या ९ आणि १० या आवृत्त्यांत परवान्यांची प्रत काढून ठेवायची सोय होती, ११ मध्ये तीही काढून टाकली.

मूळ सीडी घरात शोधा, आधी तेच. माळ्यावर, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, धाकट्या बहिणीकडे. सीडी सापडली की सगळे परवाने विसरा. तो चौकोन मोकळा करा, फॉरमॅट एमपीथ्री निवडा, पुन्हा उतरवा. एका सीडीला पाच-दहा मिनिटं लागतात. परवाने शोधण्यात रविवार घालवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

सीडी २००५ च्या सुमारास अमेरिकेत घेतलेली, सोनी बीएमजीची आणि 'कंटेंट प्रोटेक्टेड' लिहिलेली असेल तर तिच्यावरचा प्रोग्राम चालू होऊ देऊ नका. त्या वर्षी त्यांच्या काही सीडींवरचं 'एक्ससीपी' नावाचं संरक्षण संगणकात स्वतःला लपवून बसत असे. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये ते उघडकीला आणलं आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. सीडी आत घालताना शिफ्ट कळ दाबून धरली की आपोआप सुरू होणारा प्रोग्राम थांबतो.

सीडी नाहीच, पण जुना संगणक जुन्याच विंडोजसह चालू आहे? मग गाणी तिथेच वाजतील. तिथूनच ऑडिओ सीडी बर्न होते का बघा, परवान्यात मुभा असेल तर होते. नाही झाली, आणि ती ध्वनिमुद्रणं आता बाजारात कुठेच मिळत नसतील, तर हेडफोनच्या भोकातून ३.५ एमएमची केबल दुसऱ्या संगणकाच्या 'लाइन इन'ला लावून ऑडॅसिटी या आवाज नोंदवायच्या फुकट प्रोग्राममध्ये घरच्यापुरतं नोंदवून घ्या. तासाभराच्या गाण्याला तासच लागतो. 'माइक'च्या भोकात केबल लावू नका, आवाज फाटतो.

जुना प्लेयर जोडलेला असेल आणि त्याच्यावर कुलूपवाली डब्ल्यूएमए ओढून टाकली असेल तर ती वाजणार नाही, कारण माउसने ओढताना फाइल जाते, परवाना जात नाही. प्लेयरच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी मोड 'एमएससी'वरून 'एमटीपी'वर न्या आणि मीडिया प्लेयरच्या 'सिंक'मधून गाणी पाठवा. अर्थात प्लेयर त्या कुलपाला ओळखणारा हवा. खोक्यावर मायक्रोसॉफ्टचा 'प्लेज फॉर शुअर' हा शिक्का असलेले ओळखतात. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा झून हा प्लेयर मात्र नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि त्या शिक्क्याची गाणी वाजवायला त्यानेच नकार दिला. ज्यांनी दोन वर्षं तो शिक्का बघून गाणी आणि प्लेयर घेतले होते, त्यांच्याशी हे वागणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

जुन्या नोकिया फोनमधल्या कुलूपवाल्या रिंगटोन आणि गाण्यांबद्दल एवढंच: परवाना त्या फोनमध्ये असतो, मेमरी कार्डात नाही. फोन मेला की कार्डातली फाइल कामाची नाही.

कुठे थांबायचं

गाणं ज्या दुकानातून घेतलं ते दुकानच बंद झालं असेल आणि परवाना नव्या यंत्रावर हवा असेल, तर थांबा. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाने एप्रिल २००८ मध्ये आपल्या ग्राहकांना कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकांना किल्ल्या मिळणार नाहीत. आरडाओरडा झाला म्हणून मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. याहू म्युझिकचं दुकान सप्टेंबर २००८ मध्ये मिटलं. त्या किल्ल्या आता कुठूनही येणार नाहीत. याउलट फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' हे गाण्यांचं दुकान २०१३ मध्ये बंद झालं, पण तिथून ज्यांनी एमपीथ्री उतरवून ठेवल्या त्यांच्या आजही वाजतात, कारण त्यांना कुलूपच नव्हतं. नवं गाणं विकत घेताना मी बघते ते एवढंच.

'एका क्लिकमध्ये कुलूप काढा' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपाशीही थांबा. त्यांच्यापायी व्हायरस आलेले लॅपटॉप माझ्याकडे आले आहेत, गाणी मात्र मोकळी झालेली नसतात. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आलंय. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेतला १९९८ चा कायदा याहून कडक आहे.

खात्याचा ईमेल बंद झालाय आणि पासवर्ड आठवत नाही, तर दोन-तीनदा प्रयत्न करून थांबा. अंदाजाने टाकत राहिलात तर खातं लॉक होतं. ज्याचं खातं आहे त्याने स्वतः कंपनीच्या अधिकृत मदत केंद्राशी बोलावं. जुन्या खरेदीच्या पावत्या ईमेलमध्ये असतील तर त्या हाताशी ठेवाव्यात.

प्लेयरची पाठ फुगलेली दिसली, पडदा कडेने उचललेला वाटला, तर तो चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, टोचू नका. आतली बॅटरी फुगलेली आहे. आत गाणी कितीही मोलाची असली तरी तो घरी उघडायचा नाही, बॅटरी बदलणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्यायचा.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक त्याच क्षणी बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघाल तितकं वाचण्याजोगं कमी होत जाईल. हे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम आहे, कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानाचं नाही. देताना स्पष्ट सांगा: फॉरमॅट करायचं नाही, विंडोज टाकायचं नाही, म्युझिक फोल्डर हवा आहे. आणि आत काय आहे ते आठवून मगच खर्चाला हो म्हणा. एमपीथ्री आणि एमफोरए असतील तर परत आलेली प्रत्येक फाइल वाजेल. एमफोरपी असतील आणि खात्याचा पासवर्ड माहीत असेल, तर त्याही वाजतील. स्वतःच्या सीडीवरून उतरवलेल्या कुलूपवाल्या डब्ल्यूएमए असतील तर रिकव्हरीला पैसे घालू नका. फाइली परत आल्या तरी परवाना त्या विंडोजसोबत जातो, दुसऱ्या यंत्रावर त्या गप्पच राहतात. त्याच पैशांत त्या सीडी पुन्हा विकत मिळतात का ते बघा.